कडूबांची न मारलेली उडी

जमिनीवर पाय टेकले, पॅराशूट मागं गवतावर मऊ होऊन पडलं. वसंतानं पट्टे सोडवले आणि कॅमेरा बांधलेला डावा हात पुढं धरून नेहमीसारखं विचारलं, "मामा, कशी झाली उडी?"

कडूबांनी आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं. धावपट्टीच्या कडेला तारेपलीकडं माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांत त्यांची बायको चतुराबाई होती, मुलगी प्रभावती होती. कडूबांनी डोळ्यांवरचा मोठा चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मंग, कव्हा जायचं?"

"कुठं?"

"वर."

वसंताला वाटलं, सासरा गंमत करतोय. पण कडूबा गंमत करणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या गावी, तीर्थपुरीत, ते बसत त्या पारावर येण्याआधी माणसं हातातली तंबाखू तोंडात टाकून, हसणं गिळून मगच वर पाय ठेवत.

"मामा, आपण आलो की खाली. झाली उडी."

"आपण गेलोच कुठं?" कडूबा म्हणाले. "विमानात बसल्तो, बराबर. तुम्ही म्हणले, दाराकडं सरका. मी सरकलो. अन् आता हितं हुभा हाये. मधी कुठं उडी मारली? मला काय येडा समजून राह्यले का?"

हे सगळं वसंताच्या डाव्या हातावरच्या कॅमेऱ्यात जात होतं.

वसंता त्याच भागातला. जांब समर्थजवळच्या वाडीत वाढला, मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेला आणि तिथं विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत नोकरी करून हवालदार म्हणून घरी आला. घरी त्याचं मन लागेना. मग पुण्याच्या एका कंपनीनं त्याला उचललं. ती कंपनी हौशी लोकांना विमानातून उडी मारायला लावी. माणसाला एकट्यानं उडी मारायची नसे. वसंतासारखा उस्ताद त्याला आपल्या छातीशी पट्ट्यांनी आवळून बांधी, आणि दोघं मिळून दारातून बाहेर पडत. कंपनी गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणत नसे, 'स्टुडंट' म्हणे, मग तो साठीचा का असेना.

उडीची फिल्मही वसंतानंच काढायची. डाव्या हाताच्या मोज्यावर एक घट्ट डबी, डबीत मुठीएवढा कॅमेरा. उजव्या हातानं पडण्याचा वेग आवरणारी मागची लहान छत्री सोडायची, मग वेळ झाली की मोठं पॅराशूट उघडायचं, आणि डावा हात पूर्णवेळ पुढं ताणून धरायचा, म्हणजे स्टुडंटचं तोंड बरोबर मधोमध येतं. हाताची बोटं भिंगासमोर येऊ द्यायची नाहीत, सूर्य पाठीशी ठेवायचा, क्षितिज तिरकं होऊ द्यायचं नाही. हे त्याला इतकं सवयीचं झालं होतं, की वर गेल्यावर त्याचा डावा हात त्याला न विचारताच सगळं करी. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नसे. वसंता स्टुडंटच्या पाठीमागं असायचा. त्याला स्वतःला त्या माणसाचं तोंड कधी दिसायचंच नाही. दिसायची ती टोपी, मान, कानाची पाळी. तोंड पाहायचं तर खाली येऊन, फिल्ममध्ये.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात कंपनीनं जालन्याच्या बाहेरच्या धावपट्टीवर शिबिर लावलं, तेव्हा वसंताला आधी आनंद झाला आणि मग धास्ती वाटली. आनंद अशासाठी की बायकोला, प्रभावतीला, आपलं काम एकदा डोळ्यांनी दाखवता येईल. धास्ती अशासाठी की ती आली तर तिचे आईबापही येणार.

लग्न ठरताना कडूबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जिमिनीवर पाय असणारा पोरगा पाहा म्हणलं व्हतं मी. हा तर इमानातून पडतो." लग्न झालं, पोरंबाळं झाली, पण सासऱ्याची आणि जावयाची बोलणी पाऊसपाणी, मोसंबीचा बहार आणि "जेवून घ्या जावईबापू" यापुढं गेली नाहीत. भांडण नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. वसंताला ते काहीच नसणं जास्त अवघड जाई.

हे तिघं उडी पाहायला आले त्या दिवशी धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत्याचा नंबर होता. तो वजनकाट्यावर चढला आणि नापास झाला. विमान तयार, वसंता तयार, छातीला बांधायला माणूस नाही. कुणी कुणाला आग्रह करण्याआधीच तारेपलीकडून आवाज आला, "मी येतो."

कडूबा पुढं आले होते. चतुराबाईनं त्यांचा सदरा मागून धरला. "अवो, डोकं ठिकाणावर हाये का?" प्रभावती घाबरीघुबरी होऊन नवऱ्याकडं पाहू लागली. डॉक्टरनं छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि मान डोलावून म्हणाला, हा माणूस माझ्यापेक्षा धडधाकट आहे. वजनाचा तर प्रश्नच नव्हता, कडूबा म्हणजे नुसती काठी. धोतर काढायला मात्र ते तयार होईनात. शेवटी धोतराचा काचा आवळून त्यावरूनच कंपनीचा निळा पोशाख चढवला.

"मामा, काहून हो?" वसंतानं पट्टे आवळता आवळता हळूच विचारलं.

"जागा रिकामी व्हती," कडूबा म्हणाले.

बस, एवढंच.

---

फिल्म कापून, गाणं लावून, तिची सीडी करायचं काम गयासोद्दीनकडं होतं. गयासोद्दीन जुन्या जालन्यातला, लग्नाच्या शूटिंगचा माणूस. शिबिरापुरता त्याला ठेवला होता. एका तंबूत त्यानं कॉम्प्युटर मांडला होता आणि उजेड नको म्हणून वरून दोन सतरंज्या सोडल्या होत्या. दुपारी सगळे त्या सतरंजीच्या अंधारात शिरले. कडूबा लोखंडी खुर्चीवर ताठ बसले. चतुराबाई आणि प्रभावती मागं उभ्या राहिल्या.

"मामू, बघा आता," गयासोद्दीन म्हणाला. "तुमीच हाये की दुसरा कोन, अब्बी मालूम पडंल."

पडद्यावर विमानाचं उघडं दार आलं. दारात कडूबा, त्यांच्या खांद्यावरून वसंताचं हसरं तोंड. मग आभाळ उलटंसुलटं झालं, एकदा विमानाचं पोट दिसलं, आणि चित्र स्थिर झालं. वाऱ्याचा घोंघाट सोडून कसलाच आवाज नव्हता. गयासोद्दीननं तो कमी केला.

कडूबा हसत होते.

नुसते हसत नव्हते. तोंड उघडून, पडलेल्या दाढेची फट दाखवून, हात दोन्हीकडं फेकून हसत होते. मान मागं टाकत होते, पुन्हा पुढं आणत होते आणि कॅमेऱ्यात पाहून पुन्हा हसत होते. एखाद्याला हसता हसता दम लागतो तसा त्यांना दम लागला होता आणि तरी ते थांबत नव्हते.

गयासोद्दीननं मागं वळून खुर्चीतल्या कडूबांकडं पाहिलं.

"वाऱ्यानं तोंड फाकलंय ते," कडूबा म्हणाले.

"वाऱ्यानं डोळे हसत न्हाईत, बाबा," प्रभावती म्हणाली.

"मंग ते मी न्हाई."

"बाबा! तुमच्या भिवईवरची खूण दिसती ना. तुमची दाढ पडलेली दिसती."

"तोंड माझंच हाये गं," कडूबा जरा चिडून म्हणाले. "तोंडाचं कोन म्हणतंय? मी तिथं न्हवतो, असं म्हणून राह्यलो मी. मी तिथं असतो तर मला ठाऊक असतं का न्हाई?"

वसंताला ठाऊक होतं की असं होतं. पहिल्या उडीत काहींचं डोकं इतकं भरून येतं की आतलं काहीच टिकत नाही. वर ओरडणारी माणसं खाली येऊन म्हणतात, मला काही आठवत नाही. पण ती माणसं फिल्म पाहिली की खूश होतात, चार लोकांना दाखवतात. कोणी असं परक्याच्या घरात बसल्यासारखं आपल्याच तोंडाकडं पाहत नाही.

तेवढ्यात पडद्यावर पॅराशूट उघडलं. झटका बसला, घोंघाट थांबला आणि एकदम शांत झालं. आता आवाज ऐकू येत होता, कापडाची फडफड, पट्ट्यांची करकर. कडूबांचा श्वास अजून हसण्यानं फुललेला होता. आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"वसंता," पडद्यावरचे कडूबा म्हणाले, "तुझं बरं हाये रे."

"हो," पडद्यावरचा वसंता म्हणाला.

"माझं राह्यलं."

"हो मामा, पाय जरा वर घ्या."

मग खालचं गवत जवळ आलं.

वसंताचे कान गरम झाले. सासऱ्यानं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, कधी अरेतुरे केलं नव्हतं. जावईबापू आणि तुम्ही, यापलीकडं ते गेले नव्हते. आणि इथं ते मित्राशी बोलावं तसं बोलत होते. पण कान गरम झाले ते त्यामुळं नाही. हे बोलणं त्यालाही आठवत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या कानाशी, वीतभर अंतरावर, सासरा हे बोलला होता. त्यानं त्याला उत्तरही दिलं होतं. आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, की वारा पूर्वेकडून सरकत होता आणि धावपट्टीच्या टोकाला एक ट्रॅक्टर उभा होता.

"काय राह्यलं, बाबा?" प्रभावतीनं विचारलं.

"मला काय विचारती? त्याला विचार," कडूबांनी पडद्याकडं बोट केलं, आणि उठून सतरंजी बाजूला सारून उन्हात निघून गेले.

प्रभावती मागं गेली. चतुराबाई तिथंच उभी होती. तिनं गयासोद्दीनला म्हटलं, "पुन्हा लावा." त्यानं पुन्हा लावलं. हसणं संपेपर्यंत तिनं पाहिलं आणि मग ती पण बाहेर गेली, पण नवऱ्यामागं नाही, दुसरीकडंच.

वसंताला ती तंबूमागच्या बाभळीखाली सापडली. पदरानं डोळे पुसत असेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचे डोळे कोरडे होते. ती रागावलेली होती.

"मामी, असं होतं कधी कधी. काळजीचं काही न्हाई. दोन दिवसांत आठवंल त्यांना."

"काळजी कोन करतंय?" चतुराबाई म्हणाली. "जावईबापू, खरं सांगा, तुम्ही काय म्हणले त्यांना वर?"

"काहीच न्हाई. वाऱ्यात काही ऐकूच येत न्हाई."

"मंग एवढं हसायला काय झालं?"

वसंतानं पायाखालचा बाभळीचा काटा बाजूला सारला.

"मला वाटल्तं त्यांना हसताच येत न्हाई," ती म्हणाली. "लग्न झालं तव्हापासून. मी म्हणलं, असतंय एखाद्याचं. कुणाला गाता येत न्हाई, कुणाला पवता येत न्हाई, ह्यांना हसता येत न्हाई. त्याच्यावर मी सगळा संसार काढला. कव्हा वाईट वाटून घेतलं न्हाई. अन् आता हे पाह्यलं. येतं की. चांगलं येतं. मंग मी काय समजू?"

वसंता म्हणाला, "मामी, ते म्हणतात, 'तो मी न्हाईच.'"

चतुराबाईनं जरा विचार केला. "असंल," ती म्हणाली. "त्यांचं खरं असलं तर बरं." आणि पुन्हा म्हणाली, "न्हाई तर लई वाईट."

---

संध्याकाळची विमानं बंद झाली तेव्हा वसंता परत तंबूत आला. त्याला टेप पुन्हा पाहायची होती. गयासोद्दीन तारा गुंडाळत होता.

"गयासभाई, हे माझंच बोलणं हाये ना? तुम्ही काही जोडलं न्हाई ना?"

गयासोद्दीन हसला. "वसंतराव, मी शादीच्या शूटिंगमधी नवरीच्या रडण्याला सनई जोडतो. पर जुबान? बिलकुल न्हाई." मग त्यानं हातातली तार खाली ठेवली. "एक गोष्ट सांगू? बुरा नका मानू. तुमी हर टेपमधी असंच करता."

"कसं?"

त्यानं दुसरी टेप लावली. आदल्या दिवशीची, अंबडच्या एका शिक्षिकेची. पॅराशूटखाली ती बाई रडत होती आणि म्हणत होती, "माझ्या आईला हे दाखवायला पाह्यजे व्हतं हो." आणि मागून वसंताचा आवाज, आनंदी, मोकळा, "हो, मस्त ना? पाय वर घ्या." तिसरी टेप. एक तरुण सांगत होता की त्याला दवाखान्यातून परवाच सोडलंय. "अरे वा," वसंता म्हणत होता, "तिकडं बघा, कुंडलिका नदी." आणि प्रत्येक वेळी खांद्यावरून दिसणारं त्याचं तोंड तेच. तोच रुंद हसरा चेहरा, एकाच साच्यातला. तेवढाच, तसाच.

"मी पाह्यल्ता हे, पर म्हणलं, कामात असतात," गयासोद्दीन म्हणाला.

वसंता बाहेर येऊन विमानाच्या पंखाखाली उभा राहिला. सासऱ्याला एक उडी आठवत नव्हती. त्याला स्वतःला किती आठवत होत्या? त्यानं प्रयत्न केला. फौजेतली पहिली आठवली, पाठीवर लाथ बसल्यासारखी. मग एका उडीत पाय मुरगळला होता ती. बाकी सगळ्या एकात एक मिसळून गेल्या होत्या. त्यातली कुठलीही वेगळी काढायची तर फिल्मच पाहायला हवी. त्याला एकदम असं वाटलं, की फिल्ममध्ये दिसणारा तो हसरा माणूसच इतकी वर्षं उड्या मारतोय आणि आपण नुसते त्याचे पट्टे आवळून देतोय. मग त्याला वाटलं, हा काय वेडेपणा. आणि मग कळेना, वेडेपणा नक्की कोणता.

घरी जाताना त्यानं प्रभावतीला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हाला भूक लागली असंल."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खेपेआधीच कडूबा धावपट्टीवर हजर. बरोबर कुणी नाही. एस.टी.नं एकटेच आले होते.

"जावईबापू, मला पुन्हा न्या."

"मामा, पुन्हा काहून?"

"आता मी पाहत राहणार. डोळे उघडे ठेवून. काल त्यानं केली, आज मी करतो."

वसंतानं मॅनेजरला गळ घातली. वारा अजमावायला पहिल्या खेपेत कुणीतरी जायचंच असे, म्हणून तो कसाबसा तयार झाला. पण विमानात चढताना कडूबांनी वसंताचा डावा हात धरला.

"हे काढा."

"कॅमेरा? फिल्म न्हाई काढायची?"

"न्हाई. आज माझं मी ध्यानात ठेवतो. नंतर तुम्ही मला पडद्यावर दुसराच माणूस दाखवताल."

वसंतानं मोजा काढून खिशात कोंबला.

दार उघडं होतं. खाली मोसंबीच्या बागा, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या एकसारख्या. कडूबा दाराच्या काठावर सरकले, आणि वसंताच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या हाताला काय करायचं ते आपल्याला ठाऊक नाही. दोघं बाहेर पडले तसा हात सवयीनं पुढं गेला आणि रिकामाच हवेत थांबला. कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून कुठं पाहायचं तेही कळेना. त्यानं खाली पाहिलं. मग आडवं पाहिलं. आभाळाची कड दूरवर धुरकट होती. ऊन एका बाजूनं येत होतं. हे सगळं नेहमीचंच होतं का? रोज असं असतं का? त्याला सांगता येईना. समोर फक्त सासऱ्याची टोपी होती, आणि टोपीखाली मानेवर पांढरे केस वाऱ्यानं थरथरत होते. कडूबांचे खांदे हलत होते. हसण्यानं की थंडीनं, की वाऱ्यानं, ते कळायला मार्ग नव्हता. पुढून पाहणारं कुणी नव्हतं.

पॅराशूट उघडलं. शांत झालं. वसंता या वेळी कान देऊन थांबला. कडूबा एक शब्द बोलले नाहीत.

खाली आल्यावर मात्र ते धडाधड बोलू लागले. "आधी पोटात खड्डा पडला. मंग वारा नाकात शिरला, श्वास घेता येईना. मंग घेता आला. डाव्या अंगाला नदी व्हती. रेल्वेचे रूळ दिसले. एक पांढरी गाडी जाऊन राह्यल्ती. मंग झटका बसला, मांडीला पट्टा रुतला. सगळं ध्यानात हाये. बिलकुल सगळं."

"वा, मामा! मंग मजा आली का?"

कडूबांनी गवताकडं पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मजा न्हाई आली. मी ध्यान देत व्हतो ना."

"हसलात का पण?"

"न्हाई."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? मला ठाऊक असंल ना मी हसलो का न्हाई."

"काल कुठं ठाऊक व्हतं?"

कडूबांनी जावयाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच वसंताला भीतीसारखं काहीतरी दिसलं. "तुम्ही मागं व्हतात," ते म्हणाले. "तुम्हाला कळलं असंल."

"मला न्हाई दिसत मागून."

"खांदे हलले असतील."

"हलत व्हते. पर कशानं, ते न्हाई सांगता येत."

दोघं तिथंच गवतात उभे राहिले. पॅराशूट वाऱ्यानं थोडं थोडं फुगत होतं आणि पडत होतं, आणि ते गोळा करायचं वसंताला सुचत नव्हतं.

"कॅमेरा ठेवायला पाह्यजे व्हता," कडूबा शेवटी म्हणाले. "माझंच चुकलं."

तिसऱ्यांदा न्या असं ते म्हणाले नाहीत. एस.टी.नं आले तसे परत गेले.

---

शिबिर उठलं. कंपनी दुसऱ्या गावी गेली, वसंताही गेला. त्याचं काम तेच राहिलं, हात पुढं, तोंड मधोमध, सूर्य पाठीशी. फक्त पॅराशूट उघडून शांत झालं की तो आता गप्प बसू लागला. पाय वर घ्या, हे अगदी शेवटी सांगायचा. स्टुडंट काय बोलतो ते ऐकायचा, आणि खाली आल्यावर फिल्म न पाहता आठवून बघायचा. निम्मं तरी आठवे. निम्मं नाही आठवायचं. मॅनेजर म्हणाला, तुझ्या फिल्मा हल्ली जरा थंड झाल्यात, खांद्यावर तुझं हसरं तोंड दिसत नाही. वसंतानं पुन्हा हसायचा प्रयत्न केला, पण मग ऐकायचं राहून जाई. दोन्ही एकदम काही जमेना.

उन्हाळ्यात तो सासुरवाडीला गेला. वडीगोद्रीला उतरला, तिथून टमटमनं तीर्थपुरी. घरात शिरला तर टीव्हीवर कडूबांच्या उडीची सीडी लागलेली. चतुराबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होती आणि मधून मधून वर पाहत होती. आवाज बंद होता.

"रोज लावती दुपारची," प्रभावती हळूच म्हणाली. ती मुलांना घेऊन आधीच माहेरी आली होती. "पह्यले लई चिडायची पाहताना. आता न्हाई चिडत. परवा म्हणली, हा माणूस भला दिसतो."

"अन् मामा?"

"ते उठून जातात. कव्हा कव्हा दारात हुभे राहून पाहतात, आईला न कळता. आईला कळतं."

कडूबा मळ्यात होते. वसंता तिकडं गेला. ते मोसंबीच्या आळ्याजवळ वाकून बसले होते, त्याला पाहून उठले.

"आलास का? कोनत्या गाडीनं आलास?"

वसंता क्षणभर अडखळला. आलास. सासरा आलास म्हणाला होता, आणि म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं गाडीचं सांगितलं. पाण्याचं, बहाराचं बोलणं झालं. मग त्याला राहवलं नाही.

"मामा, एक विचारू? तुमचं काय राह्यलं व्हतं?"

कडूबांनी नाही म्हणून मान हलवली नाही, की रागावले नाहीत. बांधावर बसले आणि त्याला शेजारी बसायची खूण केली.

"मी लई इचार केला त्याचा," ते म्हणाले. "रोज करतो. हितंच बसून करतो. जिमीन केली, ती झाली. पोरीचं लगन केलं, ते चांगलं झालं. कुणाचं देनं न्हाई. दुखनं न्हाई. मनात काही व्हतं का लहानपनी, असं आठवून पाह्यलं. कुस्ती शिकायची व्हती, पर तेवढं काही न्हाई. मंग काय राह्यलं? सापडत न्हाई बघ."

"मंग असंच बोलले असाल, मामा. उत्साहात."

"न्हाई, न्हाई." कडूबांनी हात हलवला. "तो खोटं बोलंल असं वाटत न्हाई. तू पाह्यलंस ना त्याचं तोंड? असं हसून राह्यलेला माणूस खोटं बोलतो का? तो म्हणतो राह्यलं, तर राह्यलं असंल."

वसंताला हो म्हणावं की नाही ते कळेना. त्याच्या तोंडावर हो आलं होतं, तेच सवयीचं हो, पण त्यानं ते मागं घेतलं. उन्हं उतरली होती. पलीकडच्या मळ्यातली मोटर बंद झाली.

"त्याला एकदा भेटता आलं असतं तर विचारलं असतं," कडूबा म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "पर तो काही माझ्याशी बोलायचा न्हाई. तुझ्याशी बोलला."

"माझं ध्यान न्हवतं, मामा."

"व्हय, ते दिसलं मला," कडूबा म्हणाले. त्यात बोल लावल्यासारखं काही नव्हतं. "मी पाह्यलं तुझं तोंड. तू त्याच्या खांद्यावरून हसत व्हतास, पर तू पन तिथं न्हवतास. मंग दोघं कुठं व्हतो रे आपून?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. उत्तराची वाट पाहत ते जावयाकडं तोंड करून बसले. वसंतानं पुष्कळ शोधलं, विमानाचं दार, नदी, ट्रॅक्टर, पूर्वेचा वारा, आणि काही हाती लागलं नाही.

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

"मला पन," कडूबा म्हणाले, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी उरलेल्या दोन आळ्यांकडं पाहिलं. "चल, हे पानी फिरवून घेऊ. तू तिकडून पाटाचं दार मोड, मी हिकडून बांधतो."

वसंतानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला.